चौलहून निघालेली स्लाइड

चौलहून अलिबागला सकाळच्या एसटीने जायचे, तर वाडीतल्या बाईला पहाटेच उठावे लागते. नारळी-पोफळीला पाणी सोडायचे, घरच्यांचे डबे भरायचे, सासूबाईंची बीपीची गोळी काढून ठेवायची आणि मग रस्त्यावर येऊन गाडीची वाट पाहायची. अंतर सतरा-अठरा किलोमीटरचे. पण जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून, रांगेत बसून, तपासून घेऊन परत यायचे म्हणजे दिवस गेला. मजुरीवर जाणाऱ्या बाईचा तर रोजही बुडाला.

अशी बाई गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायला सहसा येत नाही. काही दुखत नसताना, काही होत नसताना आतून तपासून घ्यायचे, ही कल्पनाच तिला अवघड वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया दोन टक्केही भरल्या नाहीत. दुसरीकडे, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ऐंशी हजार जणी त्याने दगावल्या.

म्हणून एखादी बाई लाज, भीती आणि बुडणारा रोज बाजूला ठेवून तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचली, की तिचा तो एक नमुना वाया जाता कामा नये. ती पुन्हा कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. अहवाल सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो, असे बहुतेकांना वाटते. पण तो खरा निघणार की खोटा, हे बऱ्याच अंशी त्याआधीच ठरलेले असते. ब्रश कुठे फिरला, किती फिरला, काचेवर पेशी कशा उतरल्या, त्या किती वेळात भिजवल्या आणि स्लाइडवर कुणाचे नाव लिहिले, यावर तो अवलंबून असतो. ही सगळी कामे दोन-चार मिनिटांत होतात आणि ती करताना सहसा कुणाचे लक्ष नसते.

पेशी सांगतात, पण वेळेवर विचारले तर

गर्भाशयाचे तोंड योनीत उघडते. त्या तोंडाच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे जाड अस्तर असते, तर आतल्या नळीला उंच, चिकट स्राव सोडणाऱ्या पेशींचे पातळ अस्तर असते. ही दोन अस्तरे जिथे भेटतात, तो पट्टा आयुष्यभर थोडाथोडा सरकत राहतो. मुलगी वयात येते, बाळंतपणे होतात, पाळी जाते, तशी त्याची जागा बदलते. एका प्रकारच्या पेशींचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होण्याचे काम तिथे सतत चालू असते. एचपीव्ही नावाच्या विषाणूला नेमकी हीच जागा मानवते आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा याच पट्ट्यात सुरू होतो. या कर्करोगाचा आणि विषाणूचा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू स्वतःच घालवते. काहींमध्ये मात्र तो ठाण मांडतो आणि पेशी हळूहळू बदलू लागतात. पेशीचे केंद्रक मोठे होते, त्याची कड वेडीवाकडी होते, आतला रंग गडद दिसतो. या बदलांपासून पक्क्या कर्करोगापर्यंत जायला साधारणपणे कित्येक वर्षे लागतात. या वर्षांतच आजार पकडला, तर छोट्या उपचाराने कर्करोग टळतो. तपासणीचे सारे महत्त्व या मधल्या काळात आहे.

गळून पडलेल्या पेशी पाहून कर्करोग ओळखता येतो, हे जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांनी १९२८ मध्ये मांडले. त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी या संशोधनासाठी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. सुरुवातीला त्या शोधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९४१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राऊट यांच्याबरोबर त्यांचा लेख आला आणि मग जग या तपासणीकडे वळले. 'पॅप' हे त्यांच्याच आडनावाचे लघुरूप. पापानिकोलाऊ योनीतला स्राव नळीने ओढून घेत. १९४७ मध्ये कॅनडातल्या अर्नेस्ट आयर यांनी थेट गर्भाशयमुखावरून पेशी खरवडून घेणारी लाकडी पट्टी आणली. आतल्या नळीतल्या पेशींसाठीचे छोटे ब्रश त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रूढ झाले. या तपासणीच्या इतिहासातली मोठी सुधारणा, थोडक्यात, सूक्ष्मदर्शकात नव्हे, तर नमुना घेण्याच्या साधनात झाली.

ब्रश किती फिरवायचा?

नमुना घेण्यासाठी मुख्यतः तीन साधने वापरली जातात. एक, आयर यांची पट्टी. ती आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यासारखी असते, पण तिचे टोक गर्भाशयमुखावर बसेल असे कापलेले असते. दुसरा, बाटली धुण्याच्या ब्रशची लहानशी प्रतिकृती वाटावा असा नळीतला ब्रश. तिसरा, चपट्या झाडूसारखा. त्याचे मधले दाते लांब असतात, ते नळीत जातात आणि कडेचे आखूड दाते बाहेरच्या भागावर टेकतात.

प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. पट्टी पूर्ण गोल फिरवावी लागते. एखादा कोपरा सुटला आणि बदललेल्या पेशी नेमक्या तिथेच असल्या, तर त्या बाईचा अहवाल 'नॉर्मल' येतो. झाडूसारखे साधन एकाच दिशेने पाच वेळा फिरवायचे असते. नळीतला ब्रश मात्र पाव ते अर्धाच वळसा फिरवायचा. हा ब्रश अधिक फिरवला की अधिक पेशी मिळतील, असे वाटते. प्रत्यक्षात त्याने आतले नाजूक अस्तर रक्ताळते आणि स्लाइडवर पेशींऐवजी रक्त पसरते. पट्टी आणि ब्रश दोन्ही वापरायचे असतील, तर आधी पट्टी आणि मग ब्रश, हा क्रमही याचसाठी. गरोदरपणात नळीतला ब्रश वापरत नाहीत.

ब्रश हातात घेण्याआधीच्याही काही गोष्टी आहेत. गर्भाशयमुख संपूर्ण दिसले पाहिजे. अंदाजाने ब्रश घालून घेतलेला नमुना योनीच्या भिंतीचाही असू शकतो. स्पेक्युलमला जेली थापून लावली, तर तिचा थर पेशींवर बसतो. म्हणून कोमट पाणी पुरेसे, आणि जेली लागलीच तर अगदी थोडी. फार चिकट स्राव असेल, तर तो हलकेच टिपून घ्यायचा, जोराने पुसायचा नाही. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून करायची तपासणीही त्याच वेळी करायची असेल, तर पेशींचा नमुना आधी घ्यायचा आणि आम्ल नंतर लावायचे.

पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांमध्ये दोन अस्तरांचा तो पट्टा नळीच्या आत सरकलेला असतो. नुसत्या पट्टीने बाहेरून खरवडले, तर तिथपर्यंत पोहोचताच येत नाही. तिथे ब्रशच लागतो. चौल-रेवदंड्याच्या शिबिरात येणाऱ्या साठीच्या आजींची तपासणी 'वय झाले, काय करायचेय' म्हणून घाईने उरकली जाते. खरे तर त्यांच्या नमुन्याला जास्त सांभाळावे लागते.

पंखा बंद करा

ब्रश बाहेर आला की घड्याळ सुरू होते. जिवंत ओल्या पेशी काचेवर उघड्या पडल्या, की त्या लगेच सुकू लागतात. सुकलेली पेशी फुगते, तिचे केंद्रक मोठे आणि पुसट दिसू लागते, आतली बारीक रचना हरवते, रंगही वेगळा चढतो. कर्करोगपूर्व बदल ओळखायच्या ज्या खुणा, त्याच नेमक्या बिघडतात. मग निरोगी पेशी संशयास्पद वाटते, नाहीतर संशयास्पद पेशी ओळखूच येत नाही.

म्हणून स्लाइडवर पेशी उतरवणे आणि ती अल्कोहोलमध्ये बुडवणे यांत काही सेकंदांचेच अंतर असले पाहिजे. बरणी आधीच उघडून हाताशी ठेवायची. नमुना घेऊन झाल्यावर झाकण शोधायला लागलात, तर उशीर झालाच. कोकणातल्या उन्हाळ्यात तपासणीच्या खोलीत डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि तो बंद करायला कुणालाच आवडत नाही. पण तेवढ्या वाऱ्याने काचेवरचा पातळ थर पाहता पाहता सुकतो. नमुना घेताना मिनिटभर पंखा बंद ठेवणे, ही या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत स्वस्त सुधारणा असेल.

ब्रश काचेवर घासायचाही नसतो. तो लाटण्यासारखा हलक्या हाताने एकदा फिरवायचा. रगडला की पेशी चिरडतात, त्यांचे केंद्रक धाग्यासारखे लांबते आणि त्यातून काही वाचता येत नाही. पट्टीवरच्या पेशीही एकाच हाताने, एकसारख्या पसरायच्या. जाड गोळा राहिला, तर आतल्या पेशी दिसत नाहीत. फार ताणून पसरवले, तर त्या भिजण्याआधीच सुकतात.

अल्कोहोलही हवे तेच हवे. पेशी टिकवण्यासाठी ९५ टक्के इथाइल अल्कोहोल लागते आणि स्लाइड त्यात निदान पंधरा मिनिटे ते अर्धा तास राहावी लागते. हाताला लावायचे सॅनिटायझर त्याच्याऐवजी चालत नाही. अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात समुद्रकाठच्या दमट हवेत दिवसभर उघडी राहिलेली बरणी संध्याकाळपर्यंत सकाळच्या ताकदीची राहत नाही. म्हणून झाकण लावलेले असावे आणि द्रव वेळोवेळी बदलावा. स्प्रे वापरायचा असेल, तर साधारण वीतभर अंतरावरून. अगदी जवळून मारला, तर त्याच्या झोताने पेशीच वाहून जातात. बायॉप्सीचे तुकडे ठेवायच्या फॉर्मलिनची उघडी बाटली मात्र या स्लाइड्सजवळ नको. तिच्या वाफेने पेशींवर रंग नीट चढत नाही.

मोठ्या शहरांत आता काही ठिकाणी काचेऐवजी द्रवाची बाटली वापरतात. ब्रश त्या द्रवात खळबळून घेतात किंवा त्याचे डोकेच तोडून बाटलीत टाकतात, हे बाटलीच्या प्रकारावर अवलंबून असते. पेशी थेट द्रवात जात असल्याने त्या सुकत नाहीत, रक्त आणि चिकट स्राव बराच बाजूला होतो आणि नमुना काही आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतो. पण इथेही ब्रश नुसता बुडवून काढला, तर निम्म्या पेशी त्याच्या केसांतच अडकून कचऱ्यात जातात. शिवाय ही बाटली महाग असते, म्हणून तालुक्याच्या पातळीवर अजून काचच जास्त दिसते.

एका नावाच्या दोन बायका

अलिबाग तालुक्यात कुठेही शिबिर घ्या, यादीत पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत ही आडनावे ओळीने येतात. पहिली नावेही जुळतात. त्यात आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, तर घरी हाक मारायचे तिसरेच. एका दिवसात साठ स्लाइड जमल्या आणि नंतर बसून नावे लिहायला घेतली, तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. त्याचा परिणाम दुहेरी असतो. जिला आजार नाही तिला रुग्णालयात बोलावून घाबरवले जाते आणि जिला आहे ती 'सगळे ठीक आहे' म्हणून घरी निश्चिंत राहते.

नियम साधा आहे. स्लाइडवर नाव आणि क्रमांक नमुना घेण्याआधी, बाई समोर असताना, तिला विचारून लिहायचा. तोही स्लाइडच्या खडबडीत टोकावर शिसपेन्सिलीने. शाईच्या पेनाने लिहिलेले नाव अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चिकटवलेला कागद सुटतो. नावाबरोबर वय किंवा नोंदणी क्रमांक अशी दुसरी खूण हवीच. सोबतच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख, पाळी गेली असल्यास किती वर्षांपूर्वी, तांबी बसवली आहे का, आधी काही उपचार झाले आहेत का, हेही असले पाहिजे. ही माहिती नसेल, तर अहवाल देणाऱ्याला अर्धा अंदाज बांधावा लागतो. चाळिशीच्या बाईच्या स्लाइडवर दिसणाऱ्या काही पेशी सहज खपतात, पण पाळी गेलेल्या बाईत त्याच पेशी दिसल्या तर विचार करावा लागतो.

पुढे प्रवास. अल्कोहोलमध्ये नीट भिजून निघालेली स्लाइड सुकवून पाठवता येते. सुकणे घातक असते, ते भिजवण्याआधी. पण काच ती काच. रेवदंडा-अलिबाग रस्त्यावरचे खड्डे सोसायला तिला खाचांची प्लास्टिकची पेटी लागते. कागदात गुंडाळून पिशवीत टाकलेली स्लाइड पोहोचते, ती तुकड्यांत. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या लाँच बंद असतात. तपासणी मुंबईला करायची असेल, तर नमुने कोणत्या वाटेने आणि किती दिवसांत जाणार, हे शिबिराची तारीख ठरवतानाच ठरले पाहिजे.

उस्मानाबादने काय शिकवले

एक नमुना किती मोलाचा असतो, याचा मोठा धडा महाराष्ट्रातूनच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये एक अभ्यास सुरू झाला. त्यात टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ५२ गट. काही गटांत पॅप, काहींत आम्ल लावून नजरेने तपासणी, काहींत एचपीव्ही विषाणूची चाचणी आणि काही गटांत त्या काळी मिळत असलेली नेहमीची सेवा. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, त्यांतल्या ६४ दगावल्या. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग एकीकडे ३९ आणि दुसरीकडे ८२. पॅप आणि नजरेने तपासणीच्या गटांत मात्र मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ पॅप निकामी आहे, असा नव्हे. युरोप-अमेरिकेत याच तपासणीने मृत्यू खूप कमी केले, पण तिथे ती दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होते. एका वेळी सुटलेला बदल पुढच्या वेळी सापडतो. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने आम्ल लावून नजरेने तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. साधन बदलण्याइतकेच महत्त्व पुन्हा तपासण्याला आणि हाताला असलेल्या सरावाला आहे.

एचपीव्ही चाचणीला एक व्यावहारिक फायदाही आहे. तिचा नमुनाही ब्रशनेच घेतात. पण तिला पेशीचे रूप पाहायचे नसते, फक्त विषाणूची जनुकीय खूण शोधायची असते. त्यामुळे पेशी थोडी फुगली किंवा चिरडली, तरी चाचणी चालते. काही पद्धतींत बाई स्वतःच नमुना घेऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली आहे. मात्र विषाणू सापडला, म्हणजे कर्करोग झाला असे नाही. त्यानंतर कुणाला उपचार हवा आणि कुणाला नुसती देखरेख, हे ठरवताना बऱ्याचदा पेशींचीच तपासणी लागते. म्हणजे ब्रश, काच आणि बरणी यांची शिस्त सुटत नाही.

मिश्रीचे तोंड, धूर ओढणारी छाती

ब्रशने पेशी घ्यायची पद्धत इतर अवयवांतही वापरली जाते. कोकणात आजही अनेक स्त्रिया सकाळी मिश्री लावतात. तिने हिरड्यांवर आणि गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तर कडक केसांच्या ब्रशने तिथल्या पेशी घेता येतात. गंमत म्हणजे इथला नियम गर्भाशयमुखाच्या उलट आहे. तोंडातले अस्तर जाड असते आणि सुरुवातीचे बदल त्याच्या तळाशी असतात. म्हणून रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत ब्रश एकाच जागी दाबून फिरवावा लागतो. वरवर फिरवला, तर फक्त वरच्या मृत पेशी मिळतात आणि अहवाल खोटा धीर देतो.

फुप्फुसात दुर्बीण घालून ब्रशने पेशी घेतात, तेव्हा आणखी एक गोष्ट जपावी लागते. त्याच जागी क्षयाची शंका असेल, तर कल्चरसाठीचा नमुना वेगळा आणि अल्कोहोलविना पाठवावा लागतो. अल्कोहोलमध्ये गेलेले जंतू मेले, ते प्रयोगशाळेत वाढणार नाहीत. एकच ब्रश एकाच बरणीत बुडवून दोन्ही उत्तरे मिळत नाहीत.

अहवाल वाचताना

अहवालातली पहिली ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. तीच आधी वाचावी. तिथे 'नमुना समाधानकारक' आहे की 'असमाधानकारक', हे लिहिलेले असते. काचेवरच्या स्लाइडवर साधारण ८ ते १२ हजार आणि द्रवाच्या पद्धतीत निदान ५ हजार नीट दिसणाऱ्या पेशी लागतात. तीन चतुर्थांशाहून अधिक पेशी रक्ताने किंवा सुजेच्या पेशींनी झाकल्या गेल्या असतील, तर नमुना बाद धरतात. 'असमाधानकारक' याचा अर्थ 'आजार नाही' असा नव्हे आणि 'कर्करोग आहे' असाही नव्हे. उत्तर मिळालेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. साधारण दोन ते चार महिन्यांत पुन्हा नमुना द्यायचा. ही दुसरी फेरी टाळणाऱ्या बाईची पहिली फेरीही वाया जाते. तिला पुन्हा बोलावताना दोष तिचा नव्हता, हे सांगायला विसरू नये.

तपासणीला जाण्याआधी स्त्रियांनी स्वतः सांभाळाव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत. पाळी चालू असताना जाऊ नये, पाळी संपल्यानंतरचे दिवस चांगले. दोन दिवस आधीपासून योनीत गोळी किंवा मलम ठेवू नये, आतून पाण्याने धुऊ नये आणि संबंध टाळावेत. आत जाण्याआधी लघवी करून घ्यावी. शरीर सैल सोडले, तर त्रास होत नाही, थोडे अवघडल्यासारखे वाटते. नंतर एखाद दिवस किंचित रक्ताचा डाग लागला, तर घाबरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही तपासणी काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहे. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यातले काही असेल, तर पॅपचा 'नॉर्मल' अहवाल हातात घेऊन घरी बसू नये. गाठ किंवा जखम झालेल्या ठिकाणी वर मृत पेशी आणि रक्ताचा थर असतो आणि ब्रशला नेमक्या त्याच मिळू शकतात. अशा वेळी गर्भाशयमुख डोळ्यांनी नीट पाहून बायॉप्सी घ्यावी लागते. तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेलाही हेच लागू आहे. दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर ब्रशच्या अहवालावर थांबू नये.

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्ल लावून तपासणी करायची आहे. ती आरोग्य केंद्राच्या पातळीवर होते आणि शंका आलेल्यांना पुढे पाठवले जाते. ब्रश आणि पेशींची तपासणी बहुधा तिथून पुढे, जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात येते. चौलच्या बाईने सुरुवात गावातल्या आशाताईंना विचारून करावी. आशाताई घरोघरी भरून घेतात त्या फॉर्ममध्ये अंगावरून जाण्याबद्दलचे प्रश्न असतात. 'काही नाही' म्हणून ते टाळू नयेत.

आणि तपासणी झाल्यावर निघताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. स्लाइडवर माझे नाव बरोबर लिहिले ना? अहवाल केव्हा आणि कुठून घ्यायचा? विचारायला संकोच वाटला, तरी विचारावेत. शिबिरातल्या गर्दीत हे प्रश्न आगाऊपणाचे वाटत असतील. पण बुडालेला रोज, गाडीची वाट पाहिलेली सकाळ आणि टेबलावर घालवलेली ती अवघड दोन मिनिटे यांचे चीज व्हायचे, तर तो अहवाल त्याच बाईचा असला पाहिजे आणि तो तिच्या हातात पडला पाहिजे.